लाल दोऱ्याची शेवंती

शेवंतीच्या रांगेच्या तोंडाशी असलेली कुंडी जागेवर नव्हती. ओल्या मातीवर तिच्या बुडाचा गोल तेवढा उरला होता.

"इथली लाल दोऱ्याची कुंडी कुठाय?" मी जावईबापूंना विचारलं.

"दिली की," ते म्हणाले. "काल तुमचे ते काका आले होते ना, गुरुवारचे. म्हटलं, ताई रजेवर आहेत, पण तुमच्यासाठी दोरा बांधून ठेवून गेल्यात, न्या."

एवढं बोलून ते माझ्याकडे बघत राहिले. मी आता त्यांची पाठ थोपटणार अशी त्यांची खात्री होती. मी मटकन खताच्या पोत्यावर बसले. जावईबापू घाबरले, प्रेशर वाढलं का म्हणाले, पाणी आणू का म्हणाले. मी म्हटलं, त्या माणसाच्या घरी मांजर आहे. त्या माणसाच्या घरी खुर्ची आहे असं मी सांगितल्यासारखं त्यांनी बघितलं.

त्यांचा तरी काय दोष. जावईबापू म्हणजे आमच्या मालकांचे जावई. मालकांचे गुडघे गेले, ते घरी बसले आणि चार महिन्यांपूर्वी नर्सरी यांच्या ताब्यात आली. माणूस वाईट नाही. पण आल्या आल्या त्यांनी स्टिकर छापायचं यंत्र आणलं, आणि मी त्या नर्सरीत सव्वीस वर्षं पाट्या लिहीत होते. कुंडीत खोचायची पांढरी पट्टी असते ना, तिच्यावर रोपाचं नाव, ऊन किती, पाणी किती, हे लिहायचं माझं काम. त्यावरून मला सगळे पाटीताई म्हणायचे. अक्षर माझं मोत्यासारखं, हे मी नाही सांगत, मालक सांगायचे. यंत्र आल्यापासून माझ्या हातात पाण्याची नळी आली होती.

तर लाल दोरा. आमच्याकडे एखाद्यासाठी राखून ठेवलेल्या कुंडीला पांढरा दोरा बांधतात. लाल दोरा माझा एकटीचा. ज्या जातीचं रोप मांजराला बाधतं, त्या रांगेतल्या पहिल्या कुंडीला मी लाल दोरा बांधते. शेवंती, जिरेनियम, बेगोनिया, हायड्रेंजिया. त्याचा अर्थ मला ठाऊक आणि मालकांना ठाऊक. जावईबापूंना मी कधी सांगितला नाही, कारण त्यांनी विचारला नाही. आपण होऊन सांगायला गेलं की माणसं म्हणतात, म्हातारीला कामं नाहीत. माझ्या मेल्या स्वभावाची ही फळं.

मला मांजरं आवडतात असं कुणी समजू नये. आमच्या नर्सरीत एक बोका आहे, त्याला सगळे मुकादम म्हणतात. रोज सकाळी तो शेपटी वर करून प्रत्येक रांगेतून तपासणी करत फिरतो आणि काम मात्र काडीचं करत नाही, म्हणून मुकादम. आठ वर्षांपूर्वी तो लहान असताना शेवंतीची पानं चघळला. दिवसभर तोंडातून लाळेच्या तारा, उलट्या, नाक लालभडक. मालक म्हणाले, जाऊ दे, मांजर आहे, सात जन्म असतात त्याला. मी म्हटलं, हा कितवा ते कुठे माहीत आहे तुम्हाला? आणि त्याला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सांगितलं की शेवंतीनं सहसा जीव जात नाही, पण हाल होतात. लिलीची गोष्ट वेगळी, ती थेट जिवावरच उठते. परत आल्यावर मी मालकांशी भांडून नर्सरीतली लिली बंद केली. बाकीच्यांची यादी डॉक्टरीणबाईंनी दिली होती, ती मी पाठ केली. तेव्हापासून लाल दोरा.

आणि त्या दोऱ्यामुळेच काका आले माझ्या आयुष्यात. आयुष्यात म्हणजे काय, गुरुवारी चार वाजून दहा मिनिटांनी.

सहा वर्षांपूर्वी एके गुरुवारी ते पहिल्यांदा आले. इस्त्रीचा शर्ट, हातावर ओरखडे. जिरेनियमच्या कुंडीला हात लावला आणि विचारलं, हा दोरा कशाचा? तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं तसा त्यांनी हात असा मागे घेतला की मला हसू आलं. म्हणाले, "माझ्या घरी ठमी आहे. ती आधी खाते आणि मग विचार करते."

ते घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा दुकान बंद केलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लांब होती, रविवारी फोन करायची. हे सगळं मला एका दिवसात कळलेलं नाही, गुरुवारी थोडं थोडं कळलं. घरात घड्याळ नव्हतं त्यांच्या. जन्मभर दुसऱ्यांची टिकटिक ऐकली, आता नको म्हणायचे. आणि तरी यायचे बरोबर चार दहाला. मी एकदा विचारलं, हे कसं जमतं. म्हणाले, "सवय लागलेलं घड्याळ आहे हे, चावी दिली नाही तरी चालतं."

यायचे, रांगांतून फिरायचे, एका रोपापाशी थांबायचे आणि विचारायचे, हे मांजराला चालेल ना? मी सांगायचे. गुलाब चालेल. झिनिया चालेल, ॲस्टर चालेल. शेवंतीच्या हंगामात मात्र दर वर्षी ते त्या रांगेपाशी उभे राहायचे, हात पाठीशी बांधून. एकदा म्हणाले होते, दुकानात काचेपाशी शेवंतीची कुंडी असायची, गिऱ्हाईक आधी तिच्याकडे बघायचं आणि मग घड्याळाकडे. मी म्हटलं, मग ठमीचं काय करायचं? ते म्हणाले, बरोबर आहे तुमचं, ठमी आधी. मग मी ठमीची चौकशी करायचे. आज तिनं दूध नाकारलं, आज ती कपाटावर चढून बसली, आज तिला सर्दी आहे. पंधरावीस मिनिटं. तेवढ्या बोलण्यात माझा आठवडा निघायचा.

आता खरं सांगायला काय हरकत आहे. मी एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत राहते. लग्न झालं नाही. का झालं नाही असं विचारणारे सगळे एकेक करून वर गेले, त्यामुळे तो प्रश्नही मिटला. भाऊ आहे, पण त्याचा संसार त्याला पुरून उरतो. त्याचं डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि रात्री थांबायला कुणी नव्हतं तेव्हा त्याला बहीण आठवली, म्हणून बुधवार-गुरुवार मी रजा घेतली. सहा वर्षांत चुकलेला तो माझा पहिला गुरुवार. आणि त्याच दिवशी हे घोडं पेंड खायला बसलं.

ठमी सोळा वर्षांची म्हातारी होती. मुकादमानं जे सोसलं ते तिला सोसलं नसतं. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, म्हाताऱ्या मांजराला उलट्या लागल्या तर अंगातलं पाणी लगेच कमी होतं, तसं दिसलं तर घेऊनच या. मी गोदामातून मुकादमाची जुनी टोपली काढली, तिला झाकण होतं. त्यात फडकं अंथरलं आणि जावईबापूंना म्हटलं, अर्धा दिवस नाही मी. ते म्हणाले, ताई, कुंडी बदलून देऊ या ना पुढच्या गुरुवारी. मी टोपली उचलून निघाले, तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती.

रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं, मला काकांचं घर माहीत नाही. सहा वर्षं. त्या मांजराला कुठल्या कुशीवर झोपायला आवडतं ते मला ठाऊक, आणि हा माणूस कुठल्या गल्लीत राहतो ते नाही. फोन नंबर नाही, नावसुद्धा नाही. मला स्वतःचीच लाज वाटली. दुकान कुठे होतं ते एकदा बोलण्यात आलं होतं, तिथे गेले. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. शेजारी चपला शिवणारा एक म्हातारा बसतो, त्यानं सांगितलं. पाण्याच्या टाकीमागे, दगडी पायऱ्यांचं घर, तळमजला. आणि वर म्हणाला, "बरं झालं आलात. त्यांच्याकडे कुणी जात नाही हल्ली." मी त्यांची कुणी नातेवाईक असावी असं त्याला वाटलं असणार. मी ते दुरुस्त केलं नाही.

दार काकांनीच उघडलं. मला बघून त्यांचा चेहरा पडला. मला दारात बघून कुणाला आनंद व्हावा असं माझं रूप नाही, ते मला माहीत आहे, पण इतका पडावा असंही नव्हतं. मी धापा टाकत विचारलं, "ठमी कुठाय?"

त्यांनी टोपलीकडे बघितलं. मग म्हणाले, "आत आहे. झोपलीय."

मी विचारलं, तिनं शेवंती खाल्ली का, उलटी झाली का, लाळ गळतेय का. ते म्हणाले, नाही, छान आहे ती. मी म्हटलं, मला बघू द्या, हिरड्या कोरड्या पडल्यात का बघते आणि जाते. ते दारातून हलेनात. मग मीच बाजूनं आत शिरले. एरवी असं परक्याच्या घरात शिरणारी मी नव्हे.

खोलीपलीकडे मागचा व्हरांडा होता. तिथे माझी सगळी रोपं होती. सहा वर्षांची. जगलेली कुंड्यांमधून, आणि मेलेल्यांच्या नुसत्या पट्ट्या खिडकीच्या कडेला ओळीनं लावलेल्या. सगळीकडे माझं अक्षर. झिनिया, भरपूर ऊन. ॲस्टर, पाणी बेताचं. माझं अक्षर असं एकत्र मी कधी बघितलं नव्हतं, मी क्षणभर मांजर विसरले. भिंतीपाशी मांजराची पितळी वाटी होती, काठोकाठ ताजं पाणी भरलेली. आणि वाटीशेजारी एका बुटक्या स्टुलावर, मांजराच्या अगदी तोंडापाशी येईल अशी, लाल दोऱ्याची शेवंती. मी खाली बसून पान न् पान तपासलं. एकही कुरतडलेलं नव्हतं. माझ्या जिवात जीव आला.

"देव पावला," मी म्हटलं. "आता आधी ही वर उचलून ठेवा."

काका माझ्यामागे उभे होते. ते हळूच म्हणाले, "ताई, तुम्हाला माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

ते शेजारच्या खुर्चीवर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि हातांकडे बघूनच बोलले. "ठमी गेली. दीड वर्ष झालं. झोपेतच गेली, काही त्रास नाही झाला तिला."

मला आधी अर्थच लागेना. मी त्या पाण्याच्या वाटीकडे बघत होते. मग ते म्हणाले की काल जावईबापूंनी कुंडी हातात दिली तेव्हा त्यांना वाटलं, मला कुठूनतरी कळलंय. तोंडावर बोलायला नको म्हणून मी मुद्दाम रजा घेतली, आणि शेवंती बांधून ठेवली. आता मांजराचं नाव सांगायची गरज नाही, न्या ही शेवंती, असं मीच सुचवलंय. लाल दोरा बघून तर त्यांची खात्री पटली. दुसऱ्या कुणाला त्या दोऱ्याचा अर्थ माहीत नव्हता ना.

"मी म्हटलं, बरोबरच आहे ताईंचं," ते म्हणाले. "आता पुन्हा तिकडे जायचं नाही. काय तोंडानं जायचं?"

इथे खरं म्हणजे मला त्यांची दया यायला हवी होती. मला आला राग. असा राग की कानशिलं तापली. दीड वर्ष म्हणजे अठ्ठ्याहत्तर गुरुवार. अठ्ठ्याहत्तर वेळा मी त्या मांजराची चौकशी केली होती. तिला सर्दी झाली म्हणून ऐकलं त्या आठवड्यात मी डॉक्टरीणबाईंना फोन करून औषध विचारलं होतं आणि एका पट्टीवर लिहून दिलं होतं. ती पट्टीसुद्धा त्या खिडकीत होती. मी शेतकऱ्याच्या बुजगावण्याशी बोलत बसले असते तर एवढी वेडी ठरले नसते.

"मेलेल्या मांजराची सर्दी सांगत होतात तुम्ही मला?" मी म्हटलं.

त्यांनी एखादं कारण सांगितलं असतं तर मी आणखी भांडले असते, आणि भांडता भांडता निवळलेही असते. पण ते आपल्या हातांकडेच बघत राहिले. मग मी ती शेवंती उचलली आणि टोपलीत घातली, मांजरासाठी अंथरलेल्या फडक्यावर. म्हटलं, ही काही तुमच्यासाठी ठेवली नव्हती. चुकून दिली गेली. नेते मी.

विकलेली वस्तू अशी उचलून नेता येत नाही, हे सव्वीस वर्षं नर्सरीत काढलेल्या बाईला कळत नव्हतं असं नाही. पण त्यांनी अडवलं नाही. टोपलीचं झाकण फुलांवर बसत नव्हतं, तर त्यांनीच ते काढून बाजूला ठेवलं. मी पायऱ्या उतरले तेव्हा ते दारात आले होते. म्हणाले, "ताई, तिथं येऊन मी दुसरं काय विचारलं असतं?"

मी वळून बघितलं नाही. मोठा मान राखला स्वतःचा.

ती शेवंती मी जावईबापूंना परत केली नाही, माझ्या खोलीत आणली. दुसऱ्या दिवशी काकांनी मोजलेली किंमत त्यांना परत पोचवायची का असा विचारही मनात आला, पण मग वाटलं, कुणाला काय समजावत बसायचं. खिडकीत ठेवली कुंडी. माझ्या खिडकीसमोर हातभरावर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे. ऊन म्हणून येतं ते त्या भिंतीला लागून परत फिरतं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. नर्सरीत मी नळी धरून फिरत होते. गिऱ्हाइकं येत होती, स्टिकर यंत्रापुढे धरत होती, यंत्र टिंग करत होतं आणि जात होती. ऊन किती, पाणी किती, सगळं आता मोबाइलवर दिसतं म्हणे. दिवसभरात मला एकानं विचारलं. नळ कुठाय म्हणून, हात धुवायला. लाल दोरे मी सगळ्या रांगांवरून काढून टाकले. जावईबापू म्हणाले, बरं केलंत, उगाच गोंधळ होत होता.

राग म्हणाल तर बुधवारपर्यंत टिकला. मी तो टिकवलाही बराच, रोज थोडं खतपाणी घालून. पण एकटं माणूस रागवून रागवून किती रागवणार? शेवटी स्वतःशीच खरं बोलायची पाळी येते. मला एक गोष्ट आठवली आणि ती मी कुणाला सांगितलेली नाही. कितीतरी गुरुवारी काका एखादं रोप मागायचे, आणि तेच रोप मागच्या रांगेत छान तयार असताना मी त्यांना म्हणायचे, आज नको, पुढच्या गुरुवारी चांगलं येईल. एकदा नाही, दहादा म्हटलंय. पुढच्या गुरुवारी त्यांनी नक्की यावं म्हणून. मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? ते मेलेल्या मांजराचं नाव सांगत होते, मी जिवंत रोपं लपवत होते. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

गुरुवार उजाडला. चारच्या सुमाराला मी फाटकाजवळच्या रांगेला पाणी घालायला घेतलं. त्या रांगेला सकाळीच पाणी झालं होतं. चार दहा झाले. सवा चार झाले. साडेचारला मुकादम माझ्या पायात येऊन बसला, मी त्याला म्हटलं, जा रे बाबा, तुझंच सगळं केलेलं आहे हे. पाच वाजता जावईबापूंनी पाणी वाया जातंय म्हणून नळ बंद केला.

काका आले नाहीत.

खोलीतली शेवंती खालून पिवळी पडायला लागली होती. मी पाणी कमी केलं, जागा बदलली, सकाळी निघताना शिंप्याच्या पायरीवर ठेवून बघितली, तर त्यानं तिच्यावर कापडाचा गठ्ठा टाकला. ज्या बाईनं हजारो कुंड्यांवर भरपूर ऊन, भरपूर ऊन लिहिलं, तिच्या घरात एका कुंडीपुरतं ऊन नव्हतं. मला रडू आलं. शेवंतीसाठी नाही आलं ते, उगाच कशाला खोटं सांगू.

पुढच्या गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. भावाच्या डोळ्याचं कारण दिलं. टोपलीत शेवंती घातली आणि टाकीमागच्या त्या घराशी गेले. लवकर पोचले होते, म्हणून त्यांच्या जुन्या दुकानाकडे वळले, त्या चपला शिवणाऱ्याकडून उगाच एक धड असलेली चप्पल शिवून घेतली, आणि चार वाजून दहा मिनिटांनी दाराची कडी वाजवली.

काका इस्त्रीचा शर्ट घालून होते. कुठे निघाले होते की नुसतेच घालून बसले होते, कोण जाणे. मला बघून ते बाजूला झाले. मी टोपली व्हरांड्यात नेली, कुंडी बाहेर काढून त्यांच्यापुढे धरली. इथवर येताना मी मनात दहा वाक्यं तयार केली होती, माफी मागायची, समजुतीची. त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"काका, एक विचारायचं होतं," मी म्हटलं. "माझ्या खोलीत ऊन येत नाही. तिथे ही शेवंती चालेल का?"

सव्वीस वर्षं पाट्या लिहिलेली बाई एका घड्याळवाल्याला हे विचारत होती. शेंबडं पोरही सांगेल असा प्रश्न. काकांनी माझ्याकडे बघितलं. हसतील असं मला वाटलं, आणि हसले असते तर मी खरंच तशीच माघारी गेले असते. ते हसले नाहीत. त्यांनी कुंडी माझ्या हातातून घेतली, उजेडाकडे वळवली, डोळे बारीक करून पिवळं पडलेलं पान उलटं करून बघितलं. मग दुसरं बघितलं. कुणाचं तरी घड्याळ कायमचं बंद पडलंय की नाही हे सांगण्याआधी ते असंच बघत असतील. चांगली दोन मिनिटं गेली.

"नाही चालणार," ते म्हणाले. "ऊन लागेल तिला. इथे असू द्या."

"आणि मला कसं कळणार कशी आहे ते?"

"मी येऊन सांगत जाईन. गुरुवारी."

मी म्हटलं, "खरं सांगायचं. सुकली तर सुकली म्हणायचं."

"सुकली तर सुकली म्हणेन," ते म्हणाले.

त्यांनी कुंडी त्या बुटक्या स्टुलावर ठेवली, पूर्वी होती तशी. लाल दोरा अजून होता तिला, तो मी सोडला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला. काका खाली वाकले, त्यांना वाकायला वेळ लागतो, आणि भिंतीपाशी ठेवलेली पितळी वाटी उचलली. ती त्याही दिवशी भरलेली होती. थोडा वेळ त्यांनी ती हातात तशीच धरली. मग शेवंतीच्या मुळाशी हळूहळू सगळी ओतली आणि वाटी उपडी करून खिडकीत, माझ्या पट्ट्यांच्या शेजारी ठेवली.

त्या कुंडीला सकाळीच मी पाणी घातलं होतं. जास्त होणार होतं, शेवंतीला जास्त पाणी सोसत नाही. मी ओतू दिलं.